वाटीतल्या आठ चिठ्ठ्या

मला झटका आला तेव्हा मी स्टुलावर उभा होतो आणि माझ्या दोन्ही हातांत थर्माकोलचा कळस होता. छातीत दुखायला लागल्यावर तुम्ही काय केलंत, असं डॉक्टरांनी नंतर विचारलं. मी खरं ते सांगितलं. कळस चिकटवला. गोंद ओला होता, हात सोडला असता तर कळस वाकडा बसला असता. मग खाली उतरलो, बायकोला हाक मारली आणि आडवा झालो. विसर्जनापर्यंत कळस सरळ राहिला आणि यंदाचं मखर झकास झालंय असं सगळी बिल्डिंग म्हणाली म्हणे. मी तेव्हा ठाण्याला हॉस्पिटलात पडलेलो.

ही पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो. डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. नोकरी मोहन्याला, कारखान्याच्या प्रयोगशाळेत. धागा किती ताणला म्हणजे तुटतो ते दिवसभर बघायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. यावर काय विनोद होतो तो माझ्या मोठ्या बहिणीने हॉस्पिटलातच, माझ्या उशाशी बसून, नर्सच्या देखत केलेला आहे. तो मी पुन्हा करत नाही.

उरलेल्या वेळात मी आठ गोष्टी करायचो. तबला वाजवायचो. मखरं करायचो, आमचं आणि आणखी तीन बिऱ्हाडांचं. कारखान्यातल्या मंडळासाठी एकांकिका लिहून बसवायचो. घड्याळं दुरुस्त करायचो. मोडी वाचायचो, म्हणजे लोक आजोबांच्या पेटीतले कागद घेऊन यायचे आणि मी त्यांना सांगायचो की यात खजिन्याचा उल्लेख नाही, बांधाचं भांडण आहे. जलरंगात खाडीची चित्रं काढायचो. गॅलरीत सात कुंड्यांत गुलाब होते. आणि सोसायटीच्या हस्तलिखितासाठी शब्दकोडी रचायचो, जी माझ्याशिवाय कुणालाच सुटायची नाहीत.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. लोक त्याबद्दल हळहळायचे आणि मग माझ्या छंदांकडे बघून, चला, कुठेतरी जीव रमवतायत, असं म्हणायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. मूल असतं तरी मी तबला वाजवलाच असता, मुलाला झोपू दिलं नसतं इतकंच. बायको यावर काही बोलायची नाही. संध्याकाळी ती दारातून विचारायची, "अहो, चहा गॅलरीत आणू?" आणि मी कशात तरी डोकं घालून बसलेला असायचो, म्हणायचो, "इथेच ठेव." मग त्यावर साय धरायची.

तर ठाण्याचे डॉक्टर. वयस्कर, पुण्याकडचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी माझी यादी शांतपणे ऐकून घेतली. मला वाटलं, कौतुक करतील. ते म्हणाले, "नोकरी करा. एक छंद ठेवा, बसून करण्यासारखा. बाकीचे बंद." आणि माझ्याकडे न बघता बायकोकडे बघून म्हणाले, "कळलं ना, बाई?" तिला कळलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. परत येताना टॅक्सीत कळव्याच्या पुलावर ती एकदाच बोलली, "मला तुम्ही हवे आहात. तबला नको." मी म्हटलं, "तबल्याने काय घोडं मारलंय तुझं?" आता आठवलं की स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते.

कुठला छंद ठेवायचा हे मी ठरवणार होतो. पण बायको म्हणाली, "तुम्ही निवडलंत तर दर आठवड्याला नवीन निवडाल. देवालाच सांगू दे." बहीण तेव्हा बाळकुमला राहायची. ती डबा घेऊन आलेली, तिने लगेच मान डोलावली. देवापुढे चिठ्ठ्या टाकणं ही आमच्या घरातली जुनी रीत. कोकणात गावी अडलं-नडलं की देवळात कौल लावतात. त्याला गुरव लागतो, पाकळ्या लागतात. डोंबिवलीत गुरव कुठून आणणार? म्हणून चिठ्ठ्या. घर पूर्वेला घ्यायचं की पश्चिमेला, हेसुद्धा आम्ही वाटीतूनच काढलेलं. पूर्व निघाली. पाणी त्या वेळी पश्चिमेला बरं यायचं. देवाला कुणी बोल लावला नाही, पहाटे उठून पिंपं भरली.

माझं अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मलाच लिहायला बसवलं. हा माणूस आजारी आहे हे तेवढ्यापुरतं सगळे विसरले. मी बोरू काढला, शाई घोटली, जाड कागदाचे आठ सारखे तुकडे कापले आणि प्रत्येकावर एकेक नाव लिहिलं. मग नुसतं नाव बरं दिसेना, म्हणून भोवती वेलबुट्टी काढली. गुलाबाच्या चिठ्ठीवर एक कळी काढली. तबल्याची वेलबुट्टी झाल्यावर दम लागला, तेव्हा पाच मिनिटं उशीला टेकलो आणि मग नाटक लिहिलं. बहीण म्हणाली, "अरे, छंद सोडायला बसलायस की लग्नाच्या पत्रिका छापायला?"

बायको वाटी पुसून आणते म्हणून चिठ्ठ्या आत घेऊन गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली. चिठ्ठ्यांच्या बारीक घड्या घातल्या होत्या. वाटी तिने देव्हाऱ्यासमोर ठेवली. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढायची असते, म्हणून समोरच्या बिऱ्हाडातली चार वर्षांची मुलगी आणली होती. ती नुकतीच बालवाडीत जायला लागलेली, त्यामुळे दिसेल ते मोजायची. तिने वाटीत बोट घालून मोजलं आणि जाहीर केलं, "नऊ!"

"आठ, बाळा," मी म्हटलं.

"नऊ!"

"अगं, मीच लिहिल्यात. आठ."

"असू दे हो," बायको घाईघाईने म्हणाली. "लहान आहे ती. काढ गं तू एक."

तिने काढली. मी उलगडली. "घड्याळं."

बहीण म्हणाली, "वा! एका जागी बसून, सावलीत. देवाला कळतं हो सगळं." बायकोने हात जोडले. ती बराच वेळ देव्हाऱ्याकडे बघत तशीच बसून राहिली. मला वाटलं, आभार मानत्येय. उरलेल्या चिठ्ठ्या तिने एका डबीत घातल्या, देवापुढच्या म्हणून केरात टाकायच्या नाहीत, खाडीत सोडायच्या. बालवाडीत आजकाल आकडेसुद्धा नीट शिकवत नाहीत, असं मी त्या मुलीच्या आईला ऐकवलं. तिला ते आवडलं नाही.

मी चिठ्ठी पाळली. तबला माळ्यावर गेला. रंगांची पेटी बहिणीने बाळकुमला नेली, डोळ्यांसमोर नको म्हणून. गुलाबांना बायको पाणी घालायला लागली, मला झारी उचलायची बंदी होती. आणि मी भिंग डोळ्याला लावून घड्याळांची वाट बघत बसलो. त्याच सुमाराला सगळ्यांनी बॅटरीवरची घड्याळं घ्यायला सुरुवात केली. ती बिघडायची नाहीत, आणि बिघडली तर लोक नवीन बॅटरी घालायचे. पहिल्या दोन महिन्यांत माझ्याकडे पाच घड्याळं आली, पुढच्या दोन महिन्यांत एक. ते आमचंच होतं, भिंतीवरचं, आणि ते बरं चाललं होतं. मी तरी ते उघडलं.

डॉक्टरांच्या हिशोबाने आता माझी ताकद वाचायला हवी होती. आठातल्या सात गोष्टी बंद, म्हणजे केवढी शिल्लक! पण तसं काही झालं नाही. कामावरून आलो की गॅलरीत खुर्ची टाकून, तोंड फुगवून बसायचो. बायको चहा घेऊन शेजारी येऊन बसायची, काही बोलायला जायची, मी हूं म्हणायचो. हळूहळू हूं म्हणायचाही कंटाळा यायला लागला. जेवण कमी झालं. जिना चढताना पूर्वी प्रत्येक मजल्यावर थांबायचो, आता मध्येही थांबायला लागलो. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सगळं उत्तम आहे असं सांगितलं आणि मग चष्म्यावरून बघत विचारलं, "मग चेहरा असा का?" मी म्हटलं, "चिठ्ठीत तसाच निघाला."

मग मी चोरी सुरू केली. कँटीनमध्ये बसून तपासणीच्या रद्दी कागदांच्या पाठीवर एकांकिका लिहायला घेतली. डब्याच्या झाकणावर बोटं चालवायचो, शेजारचा फोरमन म्हणायचा, "साहेब, भाजी उडतेय." आणि एका रविवारी बहिणीकडे बाळकुमला जाऊन येतो म्हणून निघालो ते रंगांची पेटी डोळ्यांसमोर ठेवूनच. तिथे सकाळी खाडीचं चित्र काढलं. दुपारी तिच्या शेजारचे एक कोळी आजोबा जुने कागद घेऊन आले, ते वाचून दिले. आजोबा खूश झाले, संध्याकाळी देवळात भजन आहे, तबलजी आला नाहीये, येता का म्हणाले. बहीण नको-नको म्हणत होती. मी म्हटलं, एकच अभंग. आठ झाले. कितीतरी महिन्यांनी मला इतकं बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

डोंबिवलीला आलो आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खाली बसलो. घामाने सदरा चिंब. वर जाता येईना, हाक मारता येईना. समोरच्या मुलीने मला पाहिलं आणि तीच धावत वर गेली. बायको अनवाणी खाली आली. तिने माझ्या जिभेखाली गोळी ठेवली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि माझ्या बोटांना लागलेला निळा रंग बघितला. आणि मग ती रडायला लागली, तिथेच, जिन्यात, दारं उघडून लोक बघत असताना.

"मला एकटं टाकून जायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "त्या रंगांसाठी. त्या ठोकाठोकीसाठी. मी काय करायचं मागे? तुमच्या कुंड्यांना पाणी घालत बसू?"

हात हलत होता तेवढा तिच्या पाठीवरून फिरवला. निळा रंग तिच्या पातळाला लागला.

डॉक्टर येऊन गेले. झटका नव्हता, अतिश्रम होते. दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "इकडे या जरा. उभे राहू नका, स्टूल घ्या." मी स्टूल घेऊन बसलो. ती स्वयंपाक करत होती.

इथे आमच्या गॅसबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एकच सिलिंडर होता. तो संपला की नंबर लावायचा आणि तीन-तीन आठवडे वाट बघायची. बिल्डिंगमध्ये सगळ्यांची ही रड होती, बायका वातीच्या स्टोव्हवर डोळे चोळत पोळ्या भाजायच्या. आमचा गॅस कधी, एकदाही, मध्येच संपला नाही. लोकांना वाटायचं, आम्ही दोघंच, म्हणून. पण माझ्या बहिणीसकट निम्मं बाळकुम आमच्याकडे जेवून जायचं. मी इतकी वर्षं त्या घरात राहत होतो आणि हे कसं जमतं असं मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली. "शेगड्या दोन. एकीवर मोठी आच, एकीवर बारीक. मोठीवर आज आमटी. बारीकवर दूध. भाजी चिरून झालीय, ती ताटाखाली झाकलीय. कणीक मळून फडक्याखाली. तांदूळ भिजतायत. ते काही मेलेत का?"

"नाही," मी म्हटलं.

"झाकून ठेवलेलं मरत नाही. त्याची वेळ आली की चढवायचं." मग तिने आमटीला पुरती उकळी यायच्या आतच पातेलं उतरवलं आणि वर झाकण ठेवलं. "आणि हे असं. उरलेलं आपल्या वाफेवर शिजतं. तुम्ही काय करता, तर आठही पातेली चढवता आणि करपेपर्यंत उतरवत नाही. देवाने सांगितलं एक, तर तेही तुम्हाला जमलं नाही. आता मी सांगते. दोन. एक मोठं, एक बारीक. बाकीची झाकून. आणि उतरवायचं कधी ते मी ठरवणार."

देवाची चिठ्ठी तिने अशी मोडली. पुढे कुणी विचारलं तर म्हणायची, देवाचं मी बघून घेईन.

तबला माळ्यावरून खाली आला आणि तिच्या जुन्या पातळाच्या तुकड्याखाली कोपऱ्यात बसला. रंगांची पेटी परत आली, तिच्यावर स्टीलचं ताट. मोठ्या आचेवर त्या हंगामात एकांकिका होती, बारीकवर शब्दकोडी. रोज पाऊण तास. पाऊण तास झाला की ती ओट्यावर सांडशी दोनदा आपटायची. सांडशी वाजली की वाक्य अर्धं असलं तरी लेखणी खाली. मी सुरुवातीला काय भांडलो! "अगं, नायिका दारात उभी आहे, तिला आत तरी येऊ दे!" ती म्हणायची, "उद्या येईल. कुठे जात्येय?" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बसलो की काय लिहायचं ते आयतंच समोर असायचं. नायिका दारात ताटकळलेली असायची. तीच एकांकिका मी पूर्वी एका बैठकीत लिहून मग आठवडाभर आडवा झालो असतो. माझी ताकद वाढली नाही, ती पुढेही तेवढीच राहिली. पण ती पुरायला लागली. जिन्यात मध्ये थांबणं बंद झालं.

अशी दहा वर्षं गेली. गणपतीच्या आधी मोठ्या आचेवर मखर, फक्त आमचं. पावसाळ्यात चित्रं. हिवाळ्यात गुलाब, झारीऐवजी लोटा. मोडी कायम बारीक आचेवर. ठाण्याचे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या मुलाने माझे जुने कागद बघून, तुम्ही नेमका कुठला छंद ठेवलात, असं विचारलं. मी म्हटलं, बसून करण्यासारखा. चहाचं तेवढं तसंच राहिलं. संध्याकाळी दारातून विचारणं व्हायचं, माझी पाऊण तासाची वेळ चाललेली असायची, मी म्हणायचो, "इथेच ठेव." पुढे पुढे तिने विचारणं सोडलं, नुसता आणून ठेवायची. मला ते सोयीचं वाटलं.

नव्वदनंतर तीही बाहेर पडायला लागली. आधी भजनी मंडळ, मंगळवार-शुक्रवार. मग मोठमोठ्या रांगोळ्या काढणाऱ्या बायकांचा गट. मग वाचनालय. पन्नाशीला आलेली बाई आणि चपला पायातून निघायच्या नाहीत. पण दमायची नाही. तिच्यासाठी कुणाला सांडशी वाजवावी लागली नाही.

एका वर्षी गणपतीच्या आधी देव्हारा साफ करायचं काम माझ्याकडे आलं, ती भजनाच्या तालमीला जायच्या गडबडीत होती. आसनाच्या मागे ती डबी सापडली. चिठ्ठ्या खाडीत सोडायच्या राहूनच गेल्या होत्या. माझं अक्षर तेव्हा कसं होतं ते बघावं म्हणून मी त्या उलगडत बसलो. तबला. नाटक. गुलाब, कळीसकट. मनात म्हटलं, काय हात होता! सात चिठ्ठ्या उलगडल्या. डबीत आणखी एक होती.

ती जाड कागदाची नव्हती. कॅलेंडरचा फाडलेला कोपरा होता, मागे एकादशी छापलेली. वेलबुट्टी नाही, शाई नाही, पेन्सिलीने घाईघाईत लिहिलेलं, तिच्या अक्षरात.

"संध्याकाळचा चहा, गॅलरीत, दोघांनी."

मी देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसून राहिलो. ती मुलगी बरोबर मोजत होती. नऊच होत्या. बायकोने आत जाऊन माझ्या आठांमध्ये आपली एक गुपचूप घातली होती, आणि ती निघाली नाही म्हणून दहा वर्षं त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मला लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

उठलो आणि चहा केला. मला धड येत नाही, पण केला. दोन कप घेऊन गॅलरीत गेलो आणि तिला हाक मारली. ती हातात टाळ घेऊन बाहेर आली, कपांकडे बघितलं, माझ्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारा कॅलेंडरचा कोपरा बघितला. मग म्हणाली, "आज कसं जमेल? शुक्रवार आहे. खाली बायका थांबल्यात."

"मग जा," मी म्हटलं. "मी आहे इथे."

ती गेली. माझी मखराची वेळ होती, अर्धं झालं होतं, गोंदाची वाटीही काढून ठेवलेली. मी मखरावर चादर टाकली. तिच्या कपावर बशी झाकली आणि शेजारच्या खुर्चीत बसून राहिलो. ती साडेसातला आली. चपला काढल्या, टाळ खुंटीला अडकवले, गॅलरीत आली आणि बशी उचलून बघितली. दोन्ही कप आत नेऊन बारीक आचेवर गरम करून आणले. साखर कमी आहे म्हणाली. मग बसली आणि त्या दिवशी भजनात कोण बेसूर गायलं ते सांगायला लागली, आणि मी ऐकत राहिलो. पाऊण तास केव्हाच होऊन गेला. सांडशी वाजली नाही.